स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये क्वेरीचा रिझल्ट नको असेल तर फेकायचा कसा (आणि फेकताना काम राहून तर जात नाही ना, ते कसं बघायचं)

पहिल्यांदा फंक्शन लिहायला घेतलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा एरर भेटतोच. एडिटरमध्ये मस्त चालणारी सिलेक्ट (टेबलातून डेटा मागणारी क्वेरी) आपण उचलतो, बिगिन आणि एंडच्या मध्ये चिकटवतो, फंक्शन तयार पण होतं, आणि बोलावलं की पोस्टग्रेस डेटाबेस म्हणतो "क्वेरी हॅज नो डेस्टिनेशन फॉर रिझल्ट डेटा". म्हणजे उत्तर आलंय, पण ठेवू कुठे ते तू सांगितलंच नाहीस. आणि आपण म्हणतो, अरे बाबा, मला ते उत्तर नकोच आहे, टाकून दे ना.

तर हे टाकून देणं प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळं आहे. एरर घालवणं हे पाच मिनिटांचं काम, ते सांगतोच. पण खरी गंमत पुढे आहे. काही पद्धतींमध्ये क्वेरी पूर्ण चालते आणि मग उत्तर फेकलं जातं, काहींमध्ये पहिली रो मिळाली की क्वेरी थांबते, आणि काहींमध्ये क्वेरी चालतच नाही, तरी एरर नाही, वॉर्निंग नाही, सगळं हिरवंगार. एरर गेला म्हणजे काम झालं असं समजून मी एकदा चांगलाच तोंडावर पडलोय, ते येईल खाली.

एक सूचना आधीच देतो. खालचा कोड वाचायला सोपा जावा म्हणून कीवर्ड देवनागरीत लिहिलेत, तुम्ही टाइप करताना अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगने करा. पोस्टग्रेसवर जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण नवीन लोक तिथेच जास्त अडकतात. मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल नंतर घेऊ.

पायरी १: खेळायला एक छोटं टेबल बनवा

एक टेबल घ्या ऑर्डर्स, त्यात आयडी आणि स्थिती असे दोन कॉलम, आणि तीन रो टाका, तिन्हींची स्थिती 'बाकी'. तीनच का ते शेवटी कळेल, पण एक टाकू नका. दुसरं टेबल आठवणी, त्यात ऑर्डर_आयडी. मग एक फंक्शन, आठवण_टाक(आयडी), जे आठवणी टेबलात एक रो इन्सर्ट करतं आणि नवीन रोचा नंबर परत देतं. हा परत येणारा नंबर आपल्याला नकोय, आपल्याला फक्त इन्सर्ट व्हायला हवंय. रिझल्ट फेकायची वेळ बहुतेकदा अशीच येते: फंक्शन काहीतरी काम करतं आणि जाता जाता काहीतरी परतही देतं.

आता पोस्टग्रेसमध्ये एका फंक्शनच्या आत हे लिहा:

बिगिन
  सिलेक्ट आठवण_टाक(आयडी) फ्रॉम ऑर्डर्स;
एंड;

फंक्शन बनवताना काही तक्रार येत नाही, हे नीट लक्षात घ्या. एरर येतो तो बोलावल्यावर, आणि तोही ती ओळ खरंच चालली तरच. म्हणजे ही सिलेक्ट एखाद्या इफच्या आत असेल आणि ती अट सहा महिन्यांत एकदाच खरी होत असेल तर एरर सहा महिन्यांनी येणार. एररचा कोड ४२६०१ असतो, म्हणजे सिंटॅक्स एररवाला कोड, त्यामुळे लोक कंस आणि सेमीकोलन शोधत बसतात, तसं काही नसतं. खाली कॉन्टेक्स्टमध्ये ओळ नंबर दिलेला असतो, तो फंक्शनच्या बॉडीतला ओळ नंबर आहे, तुमच्या फाइलमधला नाही, त्यामुळे फाइलमध्ये तीच ओळ उघडून "इथे तर काहीच चुकलं नाहीये" असं होतं.

पायरी २: असं का होतं ते एकदा समजून घ्या

एडिटरमध्ये सिलेक्ट चालवली की उत्तर घ्यायला समोर कोणीतरी बसलेलं असतं, तुम्ही किंवा तुमचा प्रोग्राम. फंक्शनच्या आत तसं कोणी नाही. पोस्टग्रेसच्या पीएल पीजी एसक्यूएल भाषेने ठरवलंय की उत्तर कुठेतरी ठेवा तरी, परत तरी द्या, नाहीतर स्पष्ट सांगा की फेकतोय. मध्येच लटकलेली सिलेक्ट चालणार नाही. मला हा नियम आवडतो खरं तर, कारण बऱ्याचदा ती सिलेक्ट डीबग करताना टाकलेली आणि काढायला विसरलेली असते.

डू ब्लॉकमध्ये (नाव न देता तिथल्या तिथे चालवायचा कोड) पण हेच. कितीतरी लोक डू ब्लॉकमध्ये सिलेक्ट टाकून टेबल बघायला जातात, डू ब्लॉक काहीच परत देत नाही. बघायचंच असेल तर रेझ नोटीस वापरा, ते स्क्रीनवर मेसेज दाखवतं.

मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर उलट टोकाचे आहेत, तिथे प्रोसिजरमधली मोकळी सिलेक्ट थेट क्लायंटकडे, म्हणजे बोलावणाऱ्या प्रोग्रामकडे जाते. म्हणून तिकडून इकडे आलेल्या माणसाला हा एरर जास्त खटकतो.

पायरी ३: सिलेक्ट शब्द काढा, परफॉर्म लिहा

एररच्या खाली हिंट पण असते, रिझल्ट फेकायचा असेल तर परफॉर्म वापरा म्हणून. तर तेच करा:

परफॉर्म आठवण_टाक(आयडी) फ्रॉम ऑर्डर्स;

बस. सिलेक्टच्या जागी परफॉर्म, बाकी क्वेरी जशीच्या तशी. व्हेअर, जॉइन, लिमिट, सगळं चालतं, फंक्शनमधले व्हेरिएबल पण वापरता येतात. क्वेरी पूर्ण चालते, सगळ्या रो तयार होतात आणि मग टाकून दिल्या जातात. सगळ्या तयार होतात म्हणजे फुकट नाही हं, लाख रोच्या टेबलावर परफॉर्म स्टार करून काही उपयोग नाही, नुसती मेहनत.

जे फंक्शन व्हॉइड परत देतं त्यालाही फंक्शनच्या आतून परफॉर्मनेच बोलवायचं. "काही परतच देत नाहीये तर फेकायचं काय" असं वाटतं, पण सिलेक्ट केलं की एक रिकामी रो येतेच, तीही कुठेतरी जायला हवी. प्रोसिजर असेल, म्हणजे पोस्टग्रेस ११ पासून (२०१८) आलेली खरी प्रोसिजर, तर तिला मात्र कॉल, परफॉर्म नाही.

परफॉर्म नेहमी कशाकशाला लागतं? अॅडव्हायझरी लॉक (आपणच नाव-नंबर ठरवून घेतलेलं लॉक) घ्यायला, पीजी_नोटिफायने निरोप पाठवायला, सेट_कॉन्फिगने सेटिंग बदलायला, सीक्वेन्सचा आकडा सेटव्हॅलने सरकवायला, पीजी_स्लीपने थांबायला. आणि रो लॉक करायला, म्हणजे आपलं काम होईपर्यंत दुसऱ्याने ती बदलू नये म्हणून:

परफॉर्म १ फ्रॉम ऑर्डर्स व्हेअर स्थिती = 'बाकी' फॉर अपडेट;

इथे मुद्दाम १ लिहिलंय, स्टार नाही, कारण आपल्याला लॉक हवंय, डेटा नको.

पायरी ४: परफॉर्म वापरूनही जिथे अडतं

परफॉर्म सिलेक्ट असं दोन्ही लिहिलं तर सिंटॅक्स एरर. परफॉर्म हा सिलेक्टच्या जागी येतो, सिलेक्टच्या आधी नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकजण हे करतो, मी पण केलंय.

परफॉर्म फंक्शनच्या बाहेर, म्हणजे नुसत्या पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसचा कमांड लाइन प्रोग्राम) चालत नाही. तो एसक्यूएलचा शब्दच नाहीये, पीएल पीजी एसक्यूएलचा आहे. म्हणून लँग्वेज एसक्यूएलमध्ये लिहिलेल्या फंक्शनमध्येही चालत नाही, तिथे साधी सिलेक्टच लिहायची, शेवटची सोडून बाकीच्या सिलेक्टची उत्तरं तिथे आपोआप टाकून दिली जातात. आणि याच कारणाने एक्झिक्यूटच्या (स्ट्रिंगमध्ये लिहिलेली क्वेरी चालवणारा शब्द) स्ट्रिंगमध्येही परफॉर्म लिहायचं नाही. डायनॅमिक एसक्यूएलमध्ये

एक्झिक्यूट 'सिलेक्ट आठवण_टाक(५)';

असंच लिहा, इंटू (उत्तर कुठल्या व्हेरिएबलमध्ये ठेवायचं ते सांगणारा शब्द) दिलं नाही तर रिझल्ट गुपचूप फेकला जातो, एरर नाही काही नाही.

रिटर्निंग, म्हणजे बदललेल्या रोमधले कॉलम परत मागणं. इन्सर्ट, अपडेट किंवा डिलीटला रिटर्निंग आयडी लावलं आणि इंटू दिलं नाही तर तोच "नो डेस्टिनेशन" एरर येतो, पण परफॉर्मवाली हिंट मात्र येत नाही, कारण परफॉर्म इथे चालणारच नाही. उपाय सोपा आहे, रिटर्निंग काढून टाका, नकोच आहे ना तुम्हाला.

विथ, म्हणजे मुख्य क्वेरीच्या आधी नाव देऊन लिहिलेली क्वेरी. क्वेरी विथने सुरू होत असेल तर सगळी क्वेरी कंसात घाला आणि आधी परफॉर्म लावा, पण मग ती एकच रो देणारी असायला हवी. जास्त रो असतील तर परफॉर्म स्टार फ्रॉम, मग कंसात विथवाली क्वेरी, मग एक टोपणनाव. आणि विथच्या आत इन्सर्ट-अपडेट असेल तर हे दोन्ही चालत नाही, असं विथ सगळ्यात वरच्या पातळीलाच लागतं, कंसात गेलं की एरर. मी अशा वेळी शेवटी काउंट घेऊन एका व्हेरिएबलमध्ये इंटू करतो, किती रोवर काम झालं तेही कळतं.

पायरी ५: फेकण्याआधी फाउंड बघा

परफॉर्म उत्तर फेकतो पण एक गोष्ट मागे ठेवतो, फाउंड नावाचं व्हेरिएबल. निदान एक रो आली तर ट्रू, नाही आली तर फॉल्स. म्हणून हे लिहिता येतं:

परफॉर्म १ फ्रॉम ऑर्डर्स व्हेअर आयडी = मागितलेला_आयडी फॉर अपडेट;
इफ नॉट फाउंड देन
  रेझ एक्सेप्शन 'अशी ऑर्डर नाही';
एंड इफ;

एकाच झटक्यात लॉक पण घेतलं आणि आहे का तेही बघितलं. लॉक नको असेल, नुसतं आहे का एवढंच बघायचं असेल तर मात्र इफ एक्झिस्ट्स जास्त बरं, ते पहिली रो दिसली की थांबतं.

फाउंडमध्ये दोन खड्डे आहेत. एक, परफॉर्म काउंट(*) केलं तर फाउंड नेहमी ट्रू, टेबल रिकामं असलं तरी, कारण काउंट शून्य असला तरी ते शून्य सांगणारी एक रो येतेच. तसंच परफॉर्म आठवण_टाक(५), हे पण नेहमी ट्रू, फंक्शनने आतून नल परत दिला तरी. दुसरा, एक्झिक्यूट फाउंडला हात लावत नाही, त्यामुळे एक्झिक्यूटनंतर फाउंड बघितलं तर ते आधीच्या कुठल्यातरी क्वेरीचं शिळं उत्तर असतं. तिथे गेट डायग्नोस्टिक्सने रो_काउंट घ्या.

पायरी ६: काम खरंच झालं का?

आता माझी फजिती. परफॉर्म हा शब्द मला तेव्हा माहीतच नव्हता. दुसऱ्या डेटाबेसवरून आलो होतो, तिथे उत्तर नको असलं की एक डमी व्हेरिएबल घ्यायचा आणि त्यात कोंबायचं अशी सवय. म्हणून मी लिहिलं:

सिलेक्ट आठवण_टाक(आयडी) इंटू डमी फ्रॉम ऑर्डर्स व्हेअर स्थिती = 'बाकी';

एरर गेला. टेस्ट केलं, आठवण पडली. टेस्ट टेबलात बाकी असलेली ऑर्डर एकच होती, ती पडली म्हणजे झालं असं मी धरून चाललो. लाइव्ह गेल्यावर रोज एकच आठवण जायची. रोज. आणि कोणाला कळलं नाही, कारण एक तरी जात होती, लॉगमध्ये "जॉब यशस्वी" येत होतं. मी मेलच्या सर्व्हरला दोष देत दोन दिवस तिकडेच खणत होतो.

कारण काय, तर पोस्टग्रेसमध्ये साधं सिलेक्ट इंटू असेल तर व्हेरिएबलमध्ये एकच रो मावणार हे डेटाबेसला माहीत आहे, म्हणून तो पहिली रो मिळाली की क्वेरी तिथेच थांबवतो. दुसऱ्या रोसाठी फंक्शन बोलावलंच जात नाही. इंटू स्ट्रिक्ट लिहिलं असतं तर त्याने दोन रो मागितल्या असत्या, आणि एकापेक्षा जास्त आहेत म्हणून एरर दिला असता, म्हणजे मी वाचलो असतो. पोस्टग्रेस १२ पासून एक्स्ट्रा_एरर्स या सेटिंगमध्ये टू_मेनी_रोज टाकता येतं, साध्या इंटूलाही मग तो ओरडतो. डेव्हलपमेंटच्या मशीनवर हे चालू ठेवाच.

फॉर अपडेटचं पण तसंच. सिलेक्ट १ इंटू डमी ... फॉर अपडेट लिहिलं आणि व्हेअरमध्ये पन्नास रो बसत असतील तर लॉक पहिल्या रोवर लागतं, बाकीच्या मोकळ्या. असला बग तर महिनोन्महिने दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा दोन जण एकाच वेळी त्याच रोवर काम करून बसलेले असतात.

दुसरी जागा, इफ एक्झिस्ट्स. कोणीतरी हुशारी करून लिहितं:

इफ एक्झिस्ट्स (सिलेक्ट आठवण_टाक(आयडी) फ्रॉम ऑर्डर्स) देन ...

म्हणजे काम पण होईल आणि तपासणी पण. काम होत नाही. एक्झिस्ट्सला फक्त रो आहे की नाही एवढंच हवं असतं, सिलेक्टनंतर काय लिहिलंय त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, तो भाग प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग) काढूनच टाकतो. तीन रो असल्या तरी फंक्शन शून्य वेळा चालतं आणि एक्झिस्ट्स ट्रू येतं. याच्याइतकं फसवं मला तरी दुसरं माहीत नाही.

तिसरी, विथमधली सिलेक्ट. विथ नोंद अॅज (सिलेक्ट आठवण_टाक...) असं लिहिलं आणि खाली मुख्य क्वेरीत नोंद हे नाव वापरलंच नाही तर ती सिलेक्ट चालत नाही. पण विथमध्ये इन्सर्ट, अपडेट, डिलीट असेल तर ते नाव वापरा नाहीतर न वापरा, पूर्ण चालतं.

म्हणून माझं मत सांगतो, पटलं तर घ्या: रोगणिक काम करणारं फंक्शन असेल तर सरळ फॉर लूप लिहा, आत एकेका आयडीला परफॉर्म. परफॉर्म ... फ्रॉम ऑर्डर्स हेही बरोबरच चालतं, पण लूप वाचणाऱ्याला "हे प्रत्येक रोसाठी होतंय" असं ओरडून सांगतो, आणि उद्या कोणी त्यात फेरफार करून सिलेक्ट इंटू करायची शक्यता कमी.

मायएसक्यूएलवाल्यांसाठी

इथे प्रोसिजरमधली मोकळी सिलेक्ट क्लायंटकडे जाते, एरर नाही. पण त्याचा त्रास वेगळा. तुमच्या प्रोग्रामला एकच रिझल्ट अपेक्षित असतो आणि प्रोसिजरमधून तीन येतात, प्रोग्राम पहिला वाचून पुढची क्वेरी टाकतो, आणि मग "कमांड्स आउट ऑफ सिंक", एरर २०१४. त्याचा अर्थ एवढाच की मागचे रिझल्ट अजून पाइपमध्ये पडलेत, ते आधी वाचून संपव.

फंक्शन किंवा ट्रिगरमध्ये मोकळी सिलेक्ट टाकली तर एरर १४१५, "नॉट अलाउड टू रिटर्न अ रिझल्ट सेट". हा बनवतानाच येतो, त्यामुळे पोस्टग्रेसपेक्षा बरं, लगेच कळतं.

फेकायला इथे डू आहे:

डू आठवण_टाक(५);
डू रिलीज_लॉक('रोजचं_काम');

पोस्टग्रेसमधल्या डूशी याचा काही संबंध नाही, नुसतं नाव सारखं. मायएसक्यूएलचा डू एक्सप्रेशन चालवतो आणि उत्तर टाकून देतो. त्याला फ्रॉम लावता येत नाही, पण कंसात एकच व्हॅल्यू देणारी सबक्वेरी देता येते. म्हणून लोक डू (सिलेक्ट मॅक्स(आठवण_टाक(आयडी)) फ्रॉम ऑर्डर्स) असा जुगाड करतात, मॅक्स काढायला सगळ्या रोवर फंक्शन चालवावंच लागतं. चालतं, पण सहा महिन्यांनी वाचणारा डोकं धरून बसणार की मॅक्स कशाचा काढलाय. निदान कॉमेंट तरी लिहा. आणि फंक्शन जर त्याच ऑर्डर्स टेबलात बदल करत असेल तर एरर १४४२ येणार, जे टेबल क्वेरी वाचतेय त्यालाच आतून हात लावता येत नाही, मग कर्सर (क्वेरीच्या रो एकेक करून वाचायचं साधन) घेऊन लूपच करा.

डमी व्हेरिएबलची सवय इथे फसवत नाही, सरळ अडवते. सिलेक्ट इंटूला एकापेक्षा जास्त रो आल्या की एरर ११७२. एकही आली नाही तर नुसती वॉर्निंग, १३२९, आणि व्हेरिएबलमध्ये जुनी व्हॅल्यू तशीच. ११७२ आला म्हणून लिमिट १ लावू नका डोळे मिटून, तसं केलं तर माझ्यासारखी रोज एकच आठवण जाईल.

एक गोष्ट मायएसक्यूएलमध्ये होतच नाही. तुमची प्रोसिजर दुसरी प्रोसिजर कॉल करते आणि ती आतली सिलेक्ट करते, तर तिचा रिझल्ट बाहेरून अडवायची सोय नाही. आतली प्रोसिजर बदलायची, नाहीतर तिच्यात एक फ्लॅगचा पॅरामीटर टाकायचा, किंवा तिने उत्तर टेम्पररी टेबलात लिहावं असं करायचं.

एसक्यूएल सर्व्हर

इथे फंक्शनमधून टेबलात इन्सर्ट करताच येत नाही, त्यामुळे आपलं आठवण_टाक प्रोसिजरच असणार, आणि प्रश्न वेगळा होतो: दुसऱ्याची प्रोसिजर एक्झेकने चालवली, ती सिलेक्ट करून उत्तर ओततेय, मला ते माझ्या क्लायंटकडे जायला नकोय.

सगळ्यात आधी एक गैरसमज. सेट नोकाउंट ऑन केल्याने रिझल्ट जात नाही, फक्त "पाच रोवर परिणाम झाला" असे मेसेज बंद होतात. सगळे सांगतात लाव म्हणून, लावा, चांगलंच आहे, पण ते हे काम करत नाही.

दुसरा गैरसमज, एक्झेकला विथ रिझल्ट सेट्स नन लावणे, हे २०१२ च्या आवृत्तीपासून आहे. नाव वाचून वाटतं रिझल्ट गायब होणार. नाही, त्याचा अर्थ "ही प्रोसिजर काही परत देणार नाही याची मी खात्री देतो", आणि तिने दिलं तर बॅचच बंद पडते.

खरा उपाय म्हणजे टेम्पररी टेबल बनवायचं आणि इन्सर्ट ... एक्झेक करायचं, मग टेबल विसरून जायचं. कॉलमची संख्या जुळायला हवी, नाहीतर एरर २१३, आणि प्रकारही जुळणारे हवेत. प्रोसिजर दोन-तीन सिलेक्ट करत असेल तर सगळ्यांचे कॉलम जुळायला हवेत. आतली प्रोसिजर स्वतः इन्सर्ट एक्झेक करत असेल तर ८१६४, एकात एक चालत नाही. आणि आत रोलबॅक (केलेले बदल मागे घेणं) असेल तर ३९१५. एवढे खड्डे बघितल्यावर मला वाटतं, आतल्या प्रोसिजरचे दोन भाग करावेत, एक काम करणारा आणि एक दाखवणारा, आणि आपण कामवाला बोलवावा. दुसऱ्याचा कोड असेल तर मग टेम्पररी टेबलच.

मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये "डिस्कार्ड रिझल्ट्स आफ्टर एक्झिक्यूशन" असा एक टिकमार्क आहे, तो फक्त तुमच्या स्क्रीनपुरता. वेळ मोजताना छान, सर्व्हरवर काही बदलत नाही.

ओरॅकल

पीएल एसक्यूएल (ओरॅकलची प्रोसिजर लिहायची भाषा) कंपाइल होतानाच अडवतो, पीएलएस-००४२८, इंटू हवं म्हणतो. फंक्शन नुसतं नाव लिहून बोलावलं तर पीएलएस-००२२१, ही प्रोसिजर नाही. म्हणजे परफॉर्मसारखं काही नाहीच, फंक्शनचं उत्तर नको असलं तरी व्हेरिएबलमध्ये घ्यावंच लागतं. माझी डमीची सवय आली ती इथूनच. फरक असा की ओरॅकलमध्ये सिलेक्ट इंटूला जास्त रो आल्या की ओआरए-०१४२२ आणि एकही नाही आली की ओआरए-०१४०३, दोन्हीकडून बोंब होते. शिवाय सिलेक्टमधून इन्सर्ट करणारं फंक्शन बोलावलं तर ओआरए-१४५५१, क्वेरीच्या आत बदल करू देत नाही. तर लूप:

फॉर र इन (सिलेक्ट आयडी फ्रॉम ऑर्डर्स) लूप
  डमी := आठवण_टाक(र.आयडी);
एंड लूप;

बऱ्याच रो नुसत्या लॉक करायच्या असतील तर फॉर अपडेटवाला कर्सर ओपन करा आणि क्लोज करा, ओपन करतानाच सगळ्या रो लॉक होतात, एकही फेच करायची गरज नाही.

आणि हे लाल पेनने लिहून ठेवा: एक्झिक्यूट इमिजिएटमध्ये सिलेक्ट दिली आणि इंटू दिलं नाही, तर ती सिलेक्ट चालतच नाही. एरर नाही. पोस्टग्रेसमध्ये अगदी तसाच दिसणारा एक्झिक्यूट क्वेरी पूर्ण चालवतो आणि उत्तर फेकतो, इथे क्वेरीच चालत नाही. एकीकडचा कोड दुसरीकडे नेताना ही ओळ नजरेतून सुटतेच.

शेवटची पायरी: तीन रोची तपासणी

म्हणून सुरुवातीला तीन रो टाकायला सांगितल्या. पोस्टग्रेसमध्ये एक ट्रान्झॅक्शन उघडा, आठवणी टेबल रिकामं करा, तुमचं फंक्शन चालवा, आणि मग आठवणीचा काउंट घ्या. परफॉर्मवालं तीन दाखवेल, सिलेक्ट इंटू डमीवालं एक, इफ एक्झिस्ट्सवालं शून्य. तिन्ही फंक्शन एररशिवाय संपलेली असतील. काउंट बघून झाला की रोलबॅक, आणि मग पुढचं चालवा. एका रोवर तपासलं तर पहिले दोन्ही "एक" दाखवतात, आणि तिथेच माणूस फसतो.